मागच्या वाडीचे खेकडे

१५ ऑगस्ट, बुधवार

पोचलो एकदाचे. दोन विमानं आणि वर हेलकावे खाणारी लाँच, त्यामुळे बेटावर पाय ठेवेपर्यंत माझं डोकं उठलं होतं. पण धक्क्यावरून खाली पाहिलं तर तळाची वाळू दिसावी इतकं नितळ पाणी, आणि माझी कुरकुर तिथल्या तिथे बंद झाली. शुंगो म्हणाला, की आपल्या अख्ख्या संसारात ही पहिलीच वेळ, रोजनिशीत तारीख घालून ठेव. घातली.

रिसॉर्ट नवं कोरं आहे. तांबडी कौलं, पांढऱ्या भिंती, दाराशी तोंड वासून बसलेले मातीचे दोन सिंह, आणि जेवणघराच्या पायऱ्या उतरलं की थेट वाळू. खोली तिसऱ्या मजल्यावर. मी आधी चादरीचे कोपरे उलटून पाहिले, मग न्हाणीघराची जाळी, मग पेल्यांच्या कडा. कुठे केस नाही, डाग नाही, वास नाही. तपासणी संपली असेल तर बसायची परवानगी आहे का, असं शुंगोने दारातूनच विचारलं.

नुसती मजा करायला मात्र आम्ही आलेलो नाही. रविवारी सासूबाईंची हाडं धुवायची आहेत. कामादो सासूबाई बरीच वर्षं ओसाकाला आमच्याकडे होत्या, मग म्हातारपणी हट्टाने इथे, आपल्या बेटावर, परत आल्या आणि सात वर्षांपूर्वी इथेच गेल्या. इथे माणसाला जाळत नाहीत, टेकडीतल्या दगडी थडग्यात ठेवतात. काही वर्षांनी थडगं उघडायचं, घरच्या सुनेने हाडं धुवायची आणि ती रांजणात भरायची. शुंगो एकुलता एक, तेव्हा सून म्हणजे मीच.

मला घाण सहन होत नाही हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. सासूबाई मला ओरिए म्हणून कधी हाक मारायच्याच नाहीत. नाकवाली म्हणायच्या. नाकवालीला विचारा, वास तिला आधी येतो, असं म्हणून हसायच्या, आणि हसल्या की वरचा सोन्याचा दात चमकायचा. बहुतेक वेळा त्या माझ्यावरच हसत असल्यामुळे तो दात मला चांगला पाठ आहे. तरी रविवारी नाक मुरडायचं नाही असं ठरवून आले आहे. बॅगेत रबरी हातमोजे आहेत, ते कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळच्या जेवणात इथला खास पदार्थ होता: नारळ फोडून खाणारा तो राक्षसी खेकडा. केवड्याच्या रानात राहतो आणि मिळेल ते खातो. पोटाची पिशवी कापली की आतून तपकिरी, तेलकट लगदा बाहेर येतो, आणि खवय्ये म्हणे त्याच्यासाठीच जीव टाकतात. मला बघवेना. मी मासा आणि भात घेतला. पण गेल्या हिवाळ्यात पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून चिमणीएवढं खाणाऱ्या माझ्या नवऱ्याने अख्खा खेकडा संपवला आणि बोटं चाटली. त्याच्या गालांवर रंग आला. मला भरून आलं. हा माणूस धडधाकट घरी न्यायचा, याहून दुसरं मला काही नको आहे.

मध्येच त्याच्या दाताखाली काहीतरी कडक आलं. पिवळट खडा. आपला भरलेला दात निखळला म्हणून त्याने जिभेने चाचपलं, तर सगळे जागच्या जागी. वाढणारी चिहारू नावाची मुलगी धावत आली आणि कवचाचा तुकडा असेल म्हणत कमरेत वाकून माफी मागत राहिली. मी तो खडा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. तक्रार करायची झाली तर हाताशी पुरावा हवा.

१६ ऑगस्ट, गुरुवार

आजचा नाश्ता लिहून ठेवलाच पाहिजे. लाकडी वाटीवरचं झाकण उचललं आणि मिसोच्या साराचा जो वास आला, त्याने मी हातातली भाजीची वाटी खाली ठेवली. गोडसर, दाट, तळापर्यंत चव. असं सार ओसाकात कुठे प्यायलेलं आठवत नाही. मी दोन वाट्या घेतल्या. शुंगोचं पोट कालच्या जेवणाने अजून तुडुंब होतं, तो नुसता चहा घेऊन बसला, म्हणून त्याचीही वाटी मीच संपवली. चिहारू म्हणाली, की आचाऱ्याला सांगते, खूश होईल. तो बिचारा उत्तरेच्या बर्फातून इथे येऊन वर्षभर घामाघूम होतो आहे.

मग दिवसभर छत्रीखाली वाळूत. पायाला कोमट पाणी, वर केवड्याच्या झाडांची सावली. शुंगोच्या मावशीला, उतो मावशीला, फोन केला. ती गावात राहते, पण तिचं घर म्हणजे एक खोली, म्हणून तर आम्ही इथे उतरलो. तिने सगळी तयारी केली आहे. रविवारी जुन्या पंचांगाच्या सातव्या महिन्याची सातवी, त्या दिवशी थडगं उघडायला मुहूर्त विचारावा लागत नाही. मग त्याच महिन्याच्या तेरावीला मेलेली माणसं घरी जेवायला येतात, त्याआधी ताईचं सगळं नीट लागलं की मी सुटले, असं म्हणाली.

शुंगोने संध्याकाळी पुन्हा खेकडाच मागवला. चिमट्याने नाही, हाताने खाल्ला. पाय मोडून चोखताना तो टाळ्याला जीभ लावून एक आवाज करत होता, टक, टक. हा आवाज मी ओळखते. माशाचं डोकं चोखताना सासूबाई असाच करायच्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. त्याने पूर्वी कधी केला नव्हता. म्हटलं, जाऊ दे, जेवतो आहे ना.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

माझा नवरा मला किळसवाणा वाटतो आहे, हे लिहिणं बरं नव्हे. पण वाटतो आहे.

दुपारी परत खेकडा. हनुवटीवरून तो तपकिरी लगदा ओघळत होता आणि त्याने तो बोटाने वर ढकलून तोंडात घातला. खुर्चीवर एक गुडघा उभा करून बसला होता, सासूबाई बसायच्या तसा. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मुलांना दुसरीकडे नेलं. मी रुमाल पुढे केला तर म्हणाला, की नाकवाली, तुझं तुझ्याजवळ ठेव.

शुंगोने मला त्या नावाने कधीही हाक मारलेली नाही. आईशी त्यावरून भांडायचा तो. मी विचारलं, की काय म्हणालास. त्याला काही आठवेना.

त्याच्या अंगाला वास येतो आहे. कापराचा आणि खवट तेलाचा. सासूबाई गुडघ्यांना चोळायच्या ते तेल. मी त्याला दोनदा आंघोळ करायला लावली. आत बसून तो टॉवेलांच्या घड्या कशा चुकल्या आहेत ते मला ऐकवत होता.

शेवटी मी चिहारूला गाठून विचारलं, की एवढे माजलेले खेकडे आणता कुठून. ती अभिमानाने सांगू लागली. आचारी नवा आला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरला, की चांगले खेकडे कुठे मिळतील. कुणी सांगेना. एक आजोबा मात्र हसून म्हणाले, की अरे बाबा, सगळ्यात खाऊनपिऊन सुखी ते मागच्या वाडीचे, तिकडे कोणी हात घालत नाही. झालं, आचाऱ्याने ते लक्षात ठेवलं. तेव्हापासून तिथूनच येतात. मेन्यूवर पण तसंच लिहिलं आहे, असं म्हणून तिने मला कार्ड आणून दाखवलं. मागच्या वाडीचा खेकडा, आमची खासियत.

मी कार्ड परत दिलं आणि बाहेर जाऊन ओकले.

या बेटावर थडग्यांना थडगी म्हणत नाहीत. तोंडाने उच्चारलं तर तिकडचे लोक वळून बघतात. म्हणून मागची वाडी म्हणायचं. ओसाकाला रुसल्या की सासूबाई म्हणायच्या, की मला आता मागच्या वाडीला पोचवा, तिथे तरी कोणी नाक मुरडणार नाही. आजोबांनी त्या आचाऱ्याला खरं तर सांगितलं होतं, की तिथले खाऊ नकोस. बर्फातल्या माणसाला पत्ता मिळाला.

हॉटेलच्या मागे, चादरी वाळत घालतात तिथून वर पाहिलं. केवड्याचं रान, आणि त्यात कासवाच्या पाठीसारखी दगडी थडगी. रोज सकाळी आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो होतो, आणि हे पाठीमागे होतं. एका थडग्याच्या दाराचा दगड खालून उकरलेला दिसला. त्या फटीतून एक निळी नांगी हळूच आत गेली.

१८ ऑगस्ट, शनिवार

उतो मावशीकडे गेले होते. ती उंबऱ्यावर शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने शेंगा बाजूला ठेवल्या, उठून हात धुतले, आणि मग विचारलं, की त्याने किती खाल्लं.

म्हणाली, की अगं, खेकड्याचा काय दोष, तो पोटासाठी खातो. पण खेकडा ज्याने खाल्ला त्याने कुणाला खाल्लं ते बघ ना. आणि ताईचं तर तुला माहीत आहे. कोंडून घेणं तिला कधी जमलं का. रांजणात जायच्या आधीच बाहेर पडायला दार मिळालं, ते ती सोडेल होय.

मी पर्समधला कागद उलगडला. तिने तो पिवळा खडा उन्हात धरला, पदार्थ चाखून बघावा तसा जरा वेळ बघितला आणि माझ्या हातात परत ठेवला. मग मलाही दिसलं. तो कवचाचा तुकडा नव्हता. तो मला पाठ असलेला दात होता.

मावशी म्हणते, घाबरू नकोस, उपाय आहे. उद्या थडगं उघडलं की ताईचं जे जे बाहेर गेलं आहे ते धुऊन रांजणात घालायचं. सगळं. झाकण लागायच्या आत. जे आत गेलं ते शांत होतं. जे बाहेर राहिलं ते बाहेरच राहतं आणि आपली जागा बघतं.

परत आले तर शुंगो पलंगावर बसून माझी ही वही चाळत होता. पानापानाला टिंब कशाला देतेस, म्हणाला. सासूबाईंची चिठ्ठी आली की त्यात एक पूर्णविराम नसायचा. मी एकदा दाखवून दिलं तर म्हणाल्या होत्या, की बोलताना कोण थांबतं. मी वही काढून घेतली. पानांना तेलकट बोटं लागली आहेत. ती पानं मी फाडून टाकणार होते, पण त्यावर सगळं लिहिलेलं आहे.

१९ ऑगस्ट, रविवार

सकाळी लवकर थडगं उघडलं. चुलत दिरांनी दगड सरकवला आणि ते मागे झाले. पुढचं काम बायकांचं.

मी श्वास रोखून वाकले होते. काही उपयोग नव्हता, कारण वासच नव्हता. सात वर्षांनी जे असायला हवं त्यातलं काहीच नव्हतं. हाडं घासून ठेवलेल्या ताटांसारखी स्वच्छ. कडांना बारीक बारीक कुरतडल्याच्या खुणा. बोटांची हाडं बहुतेक गेलेली. एका कोपऱ्यात केसांचा पुंजका, आणि त्यात हलणारं काहीतरी, ते मावशीने काठीने बाहेर काढलं. आयुष्यभर मी स्वच्छतेसाठी भांडले, आणि इतकं स्वच्छ काही मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

धुतलं. आधी पाण्याने, मग तांदळाच्या दारूने. पायांपासून सुरुवात, डोकं शेवटी. हाडांवर ऊन पडू नये म्हणून शुंगो छत्री धरून उभा होता. मी कवटी हातात घेतली. वरच्या जबड्यात एक भोक होतं. त्याच वेळी माझ्या डोक्यावरून बारीक आवाज आला, की पाणी गार आहे गं सूनबाई, जरा कोमट करून आणलं असतं तर हात झिजले असते का तुझे.

दिरांनी माना खाली घातल्या. मावशी मात्र छत्रीकडे बघून समजुतीने म्हणाली, की ताई, उगाच खोड काढू नकोस, पोरगी करते आहे ना.

दात रांजणात ठेवला. झाकण लावलं नाही. उद्या बाकीचं.

२० ऑगस्ट, सोमवार

झालं. माझ्या हातून झालं.

दुपारी ओहोटीला गावाखालच्या किनाऱ्यावर नेलं त्याला. मावशीने करवंटीने समुद्राचं पाणी पाजलं. तो तोंड घट्ट मिटत होता. मी त्याचं नाक दाबलं. दोन दिरांनी धरलं होतं. त्याने मला जे जे ऐकवलं ते सगळं ओसाकाच्या स्वयंपाकघरातलं होतं: मिठाचं, डब्यांचं, मूल न झाल्याचं. शब्द न् शब्द तिचा. मग त्याच्या पोटातून घरघर आली आणि —

घमेल्यात धरलं. तपकिरी, तेलाचा तवंग, पाच दिवसांत काहीच पचलेलं नव्हतं. मी बॅगेतून हातमोजे बाहेर काढले तर मावशी म्हणाली, की सासूला मोजे घालून आंघोळ घालणार का. मग नुसत्या हातांनी. गाळायचं, धुवायचं, परत गाळायचं. बोटांना लगदा चिकटत होता, कोमट. खाली पांढरे कण उरले, तुटक्या तांदळासारखे. एक नख. मी ते नख चिमटीत धरून धुतलं.

शुंगो वाळूवर पडून रडत होता, आणि ते रडणं त्याचं होतं. मला ओरिए म्हणाला. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्याच हाताने. दोघांनाही काही वाटलं नाही.

ते सगळं रांजणात गेलं. झाकण लावायच्या आधी मावशीने विचारलं, की अजून कोणी खाल्लं आहे का, आत्ताच सांगा. मी ताठ मानेने सांगितलं, की मी त्या खेकड्याला शिवलेसुद्धा नाही. मावशी हसली. म्हणाली, खरं आहे, तू नाकवाली, तुला काय होतंय. मग झाकण, चुना, दगड. आता पुढचं माणूस येईपर्यंत थडगं उघडायचं नाही.

दिरांनी हॉटेलात जाऊन आचाऱ्याला सांगितलं. तो म्हणे मटकन खाली बसला. मेन्यूवरची ओळ खोडली आहे.

२१ ऑगस्ट, मंगळवार

शुंगो बरा आहे. सकाळी पेज प्यायला, दुपारी अर्धी वाटी भात. मला म्हणाला, की काही आठवत नाही, नुसतं खूप जेवल्यासारखं वाटत होतं. त्याच्या अंगाला साबणाचा वास येतो. मी त्याच्या मानेशी नाक नेऊन पुन्हा पुन्हा घेतला. माझा माणूस मला परत मिळाला. लिहिते आहे आणि पान ओलं होतं आहे.

वादळ येतं आहे म्हणून लाँच बंद. असू दे. वादळ सरलं की घरी.

मला मात्र मरणाची भूक लागली आहे. इतक्या दिवसांच्या ताणाने असेल. माझा मासा संपवला, शुंगोचा संपवला. त्याने ताटात ठेवलेलं माशाचं डोकं पण मी चोखलं. मी. शुंगो बघतच राहिला, मग दोघंही हसलो.

२२ ऑगस्ट, बुधवार

नाश्त्याचं सार पाणचट होतं. मी चिहारूला म्हटलं, की पहिल्या दिवशी होतं तसं का नाही करत. तिने हातातला ट्रे खाली ठेवला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, की बाईसाहेब, ते आता कसं करणार. ते तर आदल्या संध्याकाळच्या तुमच्याच टेबलावरच्या —

तिने पुढचं सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी ज्याचं मांस खायचं त्याचं कवच सकाळच्या सारात. आमच्याकडे कुठल्याही उतारूगृहात हेच करतात. लहान पोरालाही माहीत असतं. मी स्वतः घरी झिंग्यांची डोकी अशीच उकळते. मला माहीत होतं. मला माहीत होतं आणि मी झाकण उचलून वास घेतला आणि —

तीन वाट्या.

पावसातून मावशीकडे धावले. तिने ऐकलं.  माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघत होती. चुना वाळला आहे, एवढंच म्हणाली.

२३ ऑगस्ट

समुद्र खवळलेला. तरी गेले. करवंटीने प्याले. पुन्हा प्याले. घशात बोटं घातली.

काही येत नाही. नुसतं खारं पाणी. आठवडा झाला. ते आता पोटात नाही. रक्तात, हाडांत, कुठे कुठे —

शुंगोला सांगितलेलं नाही. तो उद्यापासून बॅगा भरू म्हणतो.

एक गोष्ट. मला वास येत नाही. सकाळपासून. साबण, केवडा, ओला टॉवेल, काही नाही. नाक उघडं आहे आणि आत कोणीच नाही.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

गुडघे दुखतात. बसले की एक आपोआप वर येतो. दाबून खाली ठेवते.

टक. टक. मी करत नाही. जीभ करते.

आज त्याला शुंगू म्हटलं, सासूबाई म्हणायच्या तसं. तो हसला. मग हसायचा थांबला. माझ्याकडे बघत राहिला, लहान मुलासारखा. मी म्हटलं, शुंगो, मी ओरिए. मी ओरिए आहे. तो हो म्हणाला. पण खुर्ची मागे घेतली त्याने. जरा.

हात धुते आहे. धुतले की कळत नाही कुणाचे —

लाँच परवा. तोवर धरून ठेवायचं. घरी पोचलं की डॉक्टर, घरी पोचलं की माझं स्वयंपाकघर, माझा नळ, मी नळ सोडेन आणि —

अंधार आहे. दुपारचे बारा वाजलेत आणि मला इथे चुन्याचा

सातवा महिना तेरावी

आज आमच्या घरी यायचा दिवस मी आपली आधीच आले म्हणून उतो रडते आहे तिला काय झालं रडायला सकाळी उन्हात बसले गुडघ्यांना ऊन किती बरं वाटतं सात वर्षांत मिळालं नव्हतं शुंगू समोर बसतो पण जेवत नाही परत चिमणीसारखं खातो आणि माझ्या हातचं घेत नाही मी म्हटलं बाळा खा तर उठून बाहेर गेला जाईल कुठे उद्या लाँच आहे मी त्याला धडधाकट घरी नेणार आहे हिला एवढंच हवं होतं ना मी करते आहे की

वही चांगली आहे पण पोरीने पानापानाला टिंब देऊन शाई वाया घालवली

आणि ही आत गप्प बसत नाही झाकण लावलंय चुना लावलाय तरी बडबड चालूच आधी म्हणाली अंधार आहे मग म्हणाली माझ्या अंगावर काहीतरी चालतंय आता एकच धरून बसली आहे वास येतो वास येतो अगं नाकवाली आता कुणाचा येणार तिथे तो वास तुझाच